चिठ्ठी निघेपर्यंत

"रेंज येत नाहीये का?" बाईंनी विचारलं.

मी कार्डाचं मशीन डोक्याच्या वर धरून उभी होते, देवळातली घंटा हाताला लागत नसल्यासारखी, टाचा उंचावून. काळा घोडा महोत्सवातला शनिवार, संध्याकाळी सहाचा सुमार. रॅम्पार्ट रोवर माणसाला माणूस चिकटलेला आणि प्रत्येकाच्या हातात फोन. एवढे सगळे एकाच वेळी आपापले फोटो कुणाकुणाला धाडत असताना बिचाऱ्या मशीनच्या वाट्याला कितीशी रेंज येणार? पडद्यावर 'कनेक्टिंग' आणि त्यापुढे तीन टिंबं. टिंबं येत होती, जात होती.

बाईंनी घेतलं होतं ते एका वाड्याच्या जिन्याचं छापचित्र. लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरलेलं, नुसत्या काळ्या शाईतलं, पंधरा प्रतींमधली तिसरी प्रत. किंमत साडेचार हजार. नोटा असत्या तर त्यांनी मोजल्या असत्या, मग मी मोजल्या असत्या, एखादी मळकी निघाली म्हणून बदलून घेतली असती. तेवढ्यात वेळ गेला असता. आता दोघींच्याही हाताला काम नव्हतं. म्हणून त्या चित्राकडे बघायला लागल्या. हे सहसा होत नाही. घ्यायचं ठरलं की माणूस चित्राकडे बघायचं थांबवतो आणि पिशवी शोधायला लागतो, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"काय अकरा?"

"पायऱ्या. आमच्या आजोळी तेरा होत्या. आजीला शेवटी शेवटी दिसायचं नाही, ती मोजत उतरायची. तेरा म्हटलं की पाय अंगणात."

मी तो जिना सहा आठवडे कोरत होते. पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या.

मग मशीनला काय वाटलं कोण जाणे, ते घरघरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. बाई गर्दीत मिसळून गेल्या. मी सवयीने चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने चित्राचं नाव आणि प्रतीचा क्रमांक लिहिला आणि ती डब्यात टाकली.

छापचित्रं विकणाऱ्याला पैसे घेण्याची लाज जरा जास्तच वाटते. रंगवलेलं चित्र एकच असतं, त्याची किंमत सांगताना त्या एकटेपणाचा आधार असतो. आमच्याकडे मात्र लगेच पुढचा प्रश्न येतो: "म्हणजे हे प्रिंट आहे? झेरॉक्ससारखं?" मग मी लिनो दाखवते, शाईचा रोलर दाखवते, प्रत्येक प्रत हाताने काढतात आणि ठरलेल्या प्रती झाल्या की ठसा बाद करतात, हे सांगते. एवढं सगळं ऐकून झाल्यावर "छान आहे हं" म्हणून माणूस पुढच्या स्टॉलवर जातो. तिथे टेराकोटाचे झुमके असतात. त्यांचं काही समजावून सांगावं लागत नाही.

मशीन येण्याआधी आमच्या प्रदर्शनांमध्ये एक वाक्य फार ऐकू यायचं: "एटीएममधून काढून आणतो." ते म्हणणारा माणूस अगदी प्रामाणिक असायचा. त्याला चित्र हवं असायचं, तो खरोखरच एटीएमच्या दिशेने चालायला लागायचा. वाटेत काय व्हायचं देव जाणे. रांग असेल, भूक लागत असेल, बायकोचा फोन येत असेल. शंभर पावलांत चित्राची ओढ उतरते, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते. दहातला एक परत यायचा. त्या एकाबद्दल मला इतकं प्रेम वाटायचं की बाकीच्या नऊ जणांबद्दल मी मनातल्या मनात एक सिद्धांत तयार केला होता: ज्याला खरंच हवं असतं तो परत येतो. चित्र विकलं न जाण्याला असला तात्त्विक मुलामा बरा पडतो. घरभाडं मात्र त्यातून निघत नाही.

सिद्धांत मोडला तो २०१६ च्या नोव्हेंबरात. पुण्यात आम्हा चौघींचं एकत्र प्रदर्शन शुक्रवारी, ११ तारखेला उघडायचं होतं. मंगळवारी, ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. हॉलचे पैसे भरलेले, पत्रिका गेलेल्या, चित्रं टेम्पोत. उघडलं आम्ही प्रदर्शन. एटीएम त्याच दिवशी सुरू झाली होती, दिवसाला दोन हजारांची मर्यादा आणि बाहेर रस्त्याच्या वळणापर्यंत रांगा. त्या रांगेतून मिळालेले दोन हजार कोण चित्रावर घालणार? पण आमच्याकडे गर्दी झाली. एक गृहस्थ आले, पांढरा सफारी, हातात रेक्झिनची बॅग. भिंतीकडे एक नजरही न टाकता म्हणाले, "ताई, ही या बाजूची सगळी द्या. पाचशेच्या चालतील ना?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "बरं, किमतीच्या वर दोन हजार घ्या."

आयुष्यात एकदाच माझी चित्रं भिंतीसकट विकली जात होती आणि मला ती विकता येत नव्हती.

त्या तीन दिवसांत चौघींची मिळून दोन चित्रं गेली, दोन्ही चेकवर. पुढच्या जानेवारीत मी मशीनसाठी अर्ज केला.

बँकेचा मुलगा घरी आला. चालू खातं उघडावं लागेल, शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स लागेल. दुकान कुठे आहे? दुकान नाही. मग माल कुठे ठेवता? कपाटात, चपटा. त्याने टॅब उघडला. धंद्याचा प्रकार निवडायचा होता. किराणा, औषधं, पादत्राणं, सलून, पेट्रोल. खाली खाली जात राहिला. चित्रकार कुठेच नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या चौकटींकडे बघितलं आणि विचारलं, "फोटो फ्रेम्स अँड गिफ्ट आर्टिकल्स टाकू?" टाक म्हटलं. त्या दिवसापासून बँकेच्या लेखी माझं चौकटींचं दुकान आहे. चौकटीच्या आत काय असतं हा त्यांचा प्रश्न नाही.

त्या मशीनचं महिन्याला भाडं होतं आणि माझी प्रदर्शनं वर्षाला दोन. म्हणजे बारातले दहा-अकरा महिने मशीन टेबलाच्या खणात झोपलेलं आणि भाडं जागं. दोनदा चार्जिंग विसरल्याने ऐन वेळी बंद पडलं. एकदा बँकेने, बरेच महिने वापर नाही म्हणून, न सांगता जोडणीच तोडली आणि ते मला कळलं उद्घाटनाच्या दिवशी. बँकेचं नाव सांगत नाही. तिने पुढे दिलगिरीचा मेसेज पाठवला, तोही 'प्रिय व्यापारी' म्हणून.

पण मशीनबद्दल माझ्या मनात एक हळवा कोपरा आहे आणि त्याचं कारण धंद्याशी संबंधित नाही.

जे. जे.ला छापचित्रण शिकत होते तेव्हाची गोष्ट. अमेरिकेतली मावशी आली होती, तिच्याबरोबर साड्या घ्यायला गेले. तिने कार्ड दिलं. दुकानदाराने गल्ल्याखालून एक जाडजूड लोखंडी पट्टी काढली, तिच्या खाचेत कार्ड बसवलं, वर कार्बन लावलेली तीन पदरी चिठ्ठी ठेवली आणि वरचा दांडा धरून रोलर एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, खट्क-खट्क. त्याला झिपझॅप म्हणायचे. कार्डावरचे उठावाचे आकडे आणि मावशीचं नाव तिन्ही कागदांवर उमटलं.

साड्या राहिल्या बाजूला, मी त्या चिठ्ठीकडे बघत राहिले. उंच भाग शाई धरतो, खोल भाग कोरा राहतो, वरून रोलरचा दाब दिला की ठसा उमटतो. हा तर उठावाचा छापा! आम्ही वर्गात सकाळपासून जे करत होतो, तेच हा माणूस गल्ल्यावर बसून करत होता. फरक एवढाच की त्याच्या ठशाच्या बदल्यात माल मिळत होता. आमच्या ठशाच्या बदल्यात मार्क. मग दुकानदाराने एक बारीक अक्षरांचं पुस्तक काढून त्यात मावशीच्या कार्डाचा नंबर शोधला. चोरीला गेलेल्या आणि थकलेल्या कार्डांची यादी असायची ती. नंबर नाही म्हटल्यावर हसला.

पुढे उठावाच्या जागी मागची काळी पट्टी आली. तिची कथाही मला आमच्या जातकुळीची वाटते. साठच्या दशकात आयबीएममधला फॉरेस्ट पॅरी नावाचा इंजिनिअर प्लास्टिकच्या कार्डावर चुंबकीय टेप चिकटवायचा प्रयत्न करत होता. कुठल्याही डिंकाने टेप वेडीवाकडी व्हायची. वैतागून घरी आला तेव्हा बायको इस्त्री करत होती. ती म्हणाली, दे इकडे, इस्त्रीने बसवते. बसली. आयबीएमवाले ही गोष्ट आवडीने सांगतात. उष्णता आणि दाब, दुसरं काय! आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने बँकांना नुसत्या पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला सांगितली, मुदत होती २०१८ ची अखेर. चिपमध्ये मला काही रस नाही. तिच्यात छापाई दिसत नाही.

पट्टीवरून आठवलं. चित्रकारांच्या या दुखण्यावर जगातलं सगळ्यात गाजलेलं औषध एका कलावंतानेच काढलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचा जिम मॅकेल्वी काचेच्या वस्तू फुंकून घडवतो. त्याचा काचेचा एक नळ, काही हजार डॉलर किमतीचा, विकत घ्यायला बाई तयार होती. पण तिच्याकडे अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड आणि ते घ्यायची याच्याकडे सोय नाही. विक्री बारगळली. मॅकेल्वीने आपला जुना ओळखीचा मुलगा जॅक डॉर्सी, तोच ट्विटरवाला, याला सोबत घेऊन २००९ मध्ये 'स्क्वेअर' सुरू केलं. फोनच्या हेडफोनच्या भोकात खोचायचा एक छोटासा पांढरा चौकोन, त्यातून कार्ड सरकवायचं. गंमत अशी की तो चौकोन कॅसेटच्या टेपरेकॉर्डरसारखंच काम करायचा. पट्टीवरची चुंबकीय खूण आवाजासारखी वाचायची आणि फोनच्या माइकच्या वाटेने आत पाठवायची. फोनला वाटायचं कुणीतरी बोलतंय. तिकडच्या जत्रांमध्ये, रस्त्यावरच्या कलाप्रदर्शनांमध्ये त्या चौकोनाने केवढा फरक पडला असेल, हे चित्र न विकता टेम्पोत परत चढवलेल्या माणसालाच कळेल. मला मात्र त्या कथेत नेहमी नळच दिसतो. काचेचा नळ कुणाला का हवा असेल? आणि शेवटी तो गेला कुणाकडे?

आमच्या सरांकडे मशीन नव्हतं, वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि घरी जलरंगात चित्रं करायचे. ज्याला चित्र आवडेल त्याला ते काढून द्यायचे. "पैसे सवडीने." वहीत नाव, चित्र, ठरलेली रक्कम आणि पुढे महिन्यांची चौकट. कुणी पन्नास, कुणी शंभर. एक डॉक्टर होते, एक प्राध्यापक, एक तारखात्यातले कारकून. दर महिन्याला दिलेल्या रकमेपुढे सर बारीक टिंब काढायचे. दोन पानांवर एकही टिंब नव्हतं. मी विचारलं, "सर, यांचं काय?"

"चित्र आहे की त्यांच्या भिंतीवर. रोज बघावं लागत असेल."

गेल्या वर्षी गॅलरीत एक मुलगा आला. हिंजवडीत नोकरी, पाठीला सॅक, डोळे झोपेला आलेले. भिंतीवरच्या मोठ्या एचिंगपुढे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रापुढे, पाऊण तास उभा होता. शेवटी म्हणाला, "अठरा हजार ना? आज सव्वीस तारीख आहे." मी म्हटलं, कार्ड चालेल. कार्ड म्हणजे डेबिट नव्हे, क्रेडिट. त्याने ते टेकवलं, पाच हजारांच्या वर म्हणून पिन मागितला, दिला. मग तिथेच उभ्या उभ्या फोनवर आलेल्या मेसेजवर बोट लावून त्याने त्या रकमेचे सहा हप्ते करून घेतले. महिन्याला तीन हजार आणि वर व्याज.

मला सरांची वहीच आठवली. तेच चित्र, तेच हप्ते, तीच महिन्यांची चौकट. फक्त वही आता बँकेकडे. कार्डाने झालेल्या विक्रीतून बँक आपला वाटा कापून घेते. डेबिट कार्डावरच्या त्या वाट्याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे, माझ्यासारख्या छोट्या विक्रेत्याकडून ०.४० टक्क्याच्या वर घेता येत नाही, आणि रुपे डेबिट व यूपीआयला तर २०२० पासून तेही नाही. क्रेडिट कार्डाला तसा लगाम नाही. माझ्या मशीनवर दोन टक्के, आणि त्या दोन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी. अठरा हजारांवर ३६० रुपये, वर ६४ रुपये ८० पैसे. दुसऱ्या दिवशी खात्यात १७,५७५ रुपये २० पैसे आले. सरांना जे सहा महिन्यांत मिळालं असतं किंवा नसतं, ते मला एका रात्रीत मिळालं. भरवशाचे ४२४ रुपये ८० पैसे पडले. स्वस्तच म्हणायचं.

आता यावर हळहळावं अशी फार सोय आहे. सरांचे ते कारकून दर महिन्याला पन्नासची नोट घेऊन यायचे, चहा घ्यायचे, नवी चित्रं बघायचे, एकदा म्हणे त्यांच्याच सांगण्यावरून सरांनी एका चित्रातलं आभाळ बदललं. हिंजवडीचा मुलगा माझ्याकडे काय म्हणून येईल? तो माझं काही देणं लागत नाही. पण सरांच्या घरी मी दुसरी बाजूही बघितली आहे. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सर सायकल काढून 'सहज' फिरायला जायचे आणि काकू आतून म्हणायच्या, "मागायला लाज वाटते तर देता कशाला?" सहज फिरून सर रिकाम्या हाताने आणि एखाद्या नव्या कागदाच्या भावाची बातमी घेऊन परत यायचे. ती सायकल मला नको आहे. माझ्या वाटची लाज दोन टक्क्यांत बँक सांभाळते, सांभाळू दे.

यूपीआय आल्यावर मैत्रिणी म्हणतात, ते मशीन परत कर, क्यूआर चिकटव आणि मोकळी हो. क्यूआर आहेच. आवाजाचा डबाही घेतला होता. पण आमच्याकडे घासाघीस ही खासगी गोष्ट असते. एका ओळखीच्या काकांना साडेचार हजारांचं चित्र साडेतीनला दिलं, अगदी कानात बोलून. डब्याने खणखणीत आवाजात सगळ्या रांगेला सांगितलं. त्याच चित्राचे माझ्याकडे साडेचार हजार मोजून शेजारच्या स्टॉलवर नुकत्याच उभ्या राहिलेल्या जोडप्याने माझ्याकडे वळून बघितलं. तो डबा आता घरी आहे, दूधवाल्याची मुलं त्याच्याशी खेळतात. मशीन ठेवलं आहे ते तीन जातीच्या माणसांसाठी: परदेशी पाहुणे, ज्यांना छापचित्र गुंडाळून नळीत घालून नेता येतं, मोठी चित्रं घेणारे, ज्यांची यूपीआयची दिवसाची मर्यादा सकाळीच संपलेली असते, आणि ज्यांना चित्र सव्वीस तारखेला आवडतं ते.

आणि खरं सांगायचं तर त्या शांततेसाठीही. आकडा टाकला, कार्ड लागलं, टिंबं यायला लागली की मला किंमत उच्चारावी लागत नाही, मशीन दाखवतं. पुढचे दहा सेकंद, रेंज नसेल तर दोन मिनिटं, दोन माणसं एका चित्रापाशी नुसती उभी असतात. या वेळात मला लोकांनी काय काय सांगितलं आहे! एकाने चित्रातली खिडकी उलटी उघडते म्हणून दाखवून दिलं. बरोबर होता, छापताना उलटं होतं हे मी तिथे विसरले होते. क्यूआरला तेवढाही वेळ लागत नाही, 'टुंग' आणि संपलं.

एकच तक्रार आहे आणि ती चिठ्ठीबद्दल. आम्ही प्रती काढतो त्या कापसाच्या, आम्लविरहित कागदावर, शंभर वर्षं पिवळा पडू नये म्हणून. आणि त्या विकल्याचा पुरावा छापतात तो थर्मल कागदावर. त्यात शाईच नसते, कागदावरचा थर उष्णतेने काळा पडतो. उजेडात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, उन्हाळ्यात खणात ठेवा, काही महिन्यांत अक्षरं उडून जातात. एक दिवस बघावं तर हातात गुळगुळीत पांढरी पट्टी.

परवा सीएकडून फोन आला. बँकेच्या कागदावर फक्त कापून आलेल्या रकमा आहेत, कुठलं चित्र कितीला गेलं त्याचे कागद पाठवा. मी डबा उपडा केला. काळा घोड्याच्या त्या शनिवारच्या बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या. एक एक उलटी करून मागे बघितलं. पेन्सिल होती तशीच होती. फोटो काढून पाठवले. पाच मिनिटांत त्याचा फोन.

"मॅडम, ही एक बघा. 'जिना, ३/१५'. हे तीन भागिले पंधरा कळलं मला, तुम्ही मागे सांगितलं होतं. पण खाली 'अकरा' लिहिलंय. अकराशे की अकरा हजार?"

"पायऱ्या," मी म्हटलं.